तीन गोळ्या, तीन दिवस आणि टोकावड्याचा ताप

पावसाळ्यात कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालेल्या शहरी पर्यटकाला टोकावडे हे वाटेवरचे एक गाव म्हणून दिसते. मुरबाड मागे पडते, सरळगावचा फाटा जातो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात आणि टोकावडे ओलांडले की वैशाखरे, मोरोशी करीत घाट जवळ येतो. पर्यटकाला हा प्रदेश ज्या दिवसांत सर्वांत देखणा वाटतो, तेच दिवस येथील माणसाच्या आजारपणाचे असतात. लावणीसाठी दिवसभर चिखलात उभे राहायचे, ओल्या कपड्यांनी घरी परतायचे, पावसात गढूळ झालेले पाणी प्यायचे आणि साचलेल्या पाण्यावर वाढलेल्या डासांबरोबर रात्र काढायची, असा हा हंगाम. हिवताप, डेंग्यू, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस आणि साधा विषाणूजन्य ताप हे सारे एकाच ऋतूत येतात आणि पहिल्या दोन दिवसांत सारखेच दिसतात.

अशा तापात हाती सहज येणारे औषध म्हणजे तीन गोळ्यांची एक छोटी पट्टी. अ‍ॅझिथ्रोमायसिन, ५०० मिलिग्रॅम. रोज एक, तीन दिवस. घसा दुखो, खोकला येवो वा नुसती कणकण असो, ही पट्टी आता शहरांप्रमाणेच खेड्यांतही घरगुती औषधासारखी झाली आहे. वस्तुतः हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारे प्रतिजैविक आहे. ते सुरक्षित आहे काय, हा प्रश्न बहुधा मळमळ, जुलाब अशा दुष्परिणामांपुरता विचारला जातो. परंतु टोकावड्यासारख्या ठिकाणी या प्रश्नाचे खरे उत्तर गोळीच्या घटकांत सापडत नाही. ही गोळी कशाच्या जागी घेतली जात आहे, यावर ते अवलंबून आहे. आणि येथे ती बहुतेक वेळा निदानाच्या जागी घेतली जाते.

सर्वाधिक खपाची गोळी

अ‍ॅझिथ्रोमायसिनचा शोध १९८० मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियातील झाग्रेब येथील प्लिव्हा या कंपनीच्या संशोधकांनी लावला. पुढे फायझर कंपनीने परवाना घेऊन ते जगभर नेले. जिवाणूंना जगण्यासाठी व वाढण्यासाठी लागणारी प्रथिने तयार होण्याची प्रक्रिया हे औषध रोखते. त्याचे वैशिष्ट्य असे की ते शरीरातील पेशींमध्ये साठते आणि अतिशय सावकाश बाहेर पडते. त्यामुळे गोळ्या तीन दिवसांत संपल्या तरी औषधाचा अंमल पुढे काही दिवस राहतो. दिवसातून एकदाच घ्यायची, तीनच दिवस घ्यायची, ही सोय याच गुणामुळे मिळाली आणि याच सोयीने ते लोकप्रिय केले.

या लोकप्रियतेचे मोजमापही झाले आहे. भारतातील खासगी क्षेत्रातील प्रतिजैविकांच्या २०१९ मधील वापराचा अभ्यास २०२२ मध्ये 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी देशात सर्वाधिक वापरली गेली. एकूण वापरात तिचा वाटा ७.६ टक्के होता. त्याखालोखाल ६.५ टक्के वाटा सेफिक्झिम २०० मिलिग्रॅमचा होता. हे आकडे कोविडपूर्व काळातील आहेत. २०२० मध्ये महासाथ आल्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिनचे नाव घराघरांत पोहोचले. प्रत्यक्षात ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीने त्याच वर्षाच्या अखेरीस या औषधाचा कोविडच्या रुग्णांना उपयोग होत नसल्याचे दाखवून दिले. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या, अशा दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण सारखेच, सुमारे २२ टक्के होते. निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत राहिला. सवय मात्र लोकांत राहिली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली आहे. नेहमीच्या संसर्गांत प्रथम वापरायची औषधे पहिल्या गटात, जपून वापरायची दुसऱ्या गटात आणि अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायची तिसऱ्या गटात. अ‍ॅमॉक्सिसिलिन व डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात आहेत. अ‍ॅझिथ्रोमायसिन दुसऱ्या गटात आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय बैठकीत २०३० पर्यंत माणसांसाठीच्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के वापर पहिल्या गटातील औषधांचा असावा, असे उद्दिष्ट मान्य करण्यात आले. भारतात २०१९ मध्ये हा वाटा अवघा २७ टक्के होता आणि दुसऱ्या गटाचा वाटा जवळजवळ ५५ टक्के. म्हणजे जे जपून वापरायचे, तेच आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाते.

ताप उतरला, श्रेय कोणाचे?

सर्दी, पडसे, फ्लू आणि बहुतांश घसादुखी विषाणूंमुळे होते. विषाणूंवर कोणत्याही प्रतिजैविकाचा परिणाम होत नाही. मात्र असे आजार तीन ते पाच दिवसांत आपोआप ओसरू लागतात. रुग्णाने दुसऱ्या दिवशी गोळी सुरू केलेली असते आणि चौथ्या दिवशी त्याला बरे वाटते. गोळीचा काहीही संबंध नसताना श्रेय तिला जाते आणि पुढच्या वेळी तीच पट्टी मागितली जाते. 'मागच्या वेळी जी गोळी दिली होती तीच द्या' हे औषधाच्या दुकानांत सर्रास ऐकू येणारे वाक्य याच अनुभवातून येते. अनुभव खरा असतो. त्यातून काढलेला अर्थ चुकीचा असतो.

शहरातील रुग्णाच्या बाबतीत या चुकीची किंमत बहुधा थोडे पैसे आणि पोटाची तक्रार एवढीच असते. तिसऱ्या दिवशीही ताप राहिला तर चार पावलांवर डॉक्टर आणि रक्ततपासणीची प्रयोगशाळा असते. टोकावड्याच्या आसपासच्या पाड्यावरील रुग्णाच्या बाबतीत हे तीन दिवसच निर्णायक ठरू शकतात.

डेंग्यूचे उदाहरण पुरेसे आहे. या आजारात धोका ताप चढताना नसतो, तो उतरताना असतो. साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप खाली येतो आणि नेमक्या त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. गोळ्यांचा 'कोर्स' संपला, ताप गेला, म्हणून रुग्ण पुन्हा खाचरात उतरतो, तो हाच काळ असू शकतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, नाकातून वा हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, कमालीची अस्वस्थता किंवा ग्लानी ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठणे आवश्यक असते. फॅल्सिपेरम प्रकारच्या हिवतापातही उपचाराविना गेलेले तीन दिवस मेंदू व मूत्रपिंडापर्यंत आजार नेऊ शकतात.

खोकल्याचेही तसेच आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी करावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा साधा नियम आहे. परंतु प्रत्येक पंधरवड्याला एक नवी पट्टी घेत राहिलेला रुग्ण या नियमाच्या कक्षेत येतच नाही. त्याचा खोकला दर वेळी 'नवा' मानला जातो. मुरबाड-शहापूर पट्ट्यातून दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या बाबतीत हा विलंब अधिक घातक आहे. हंगामभर एकाच ठिकाणी तपासणी आणि पाठपुरावा होण्याची शक्यताच त्यांच्याबाबत कमी असते.

गोळी गावात, चाचणी गावाबाहेर

यात दोष केवळ लोकांच्या अज्ञानाचा आहे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे होईल. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने एप्रिल २०२५ मध्ये ठरविलेल्या दरानुसार अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीची कमाल किंमत कर वगळता २३ रुपये ९८ पैसे होती. म्हणजे त्या दराने तीन गोळ्या कर वगळता सुमारे ७२ रुपयांना पडत. याउलट निदानाचा हिशेब वेगळा आहे. पाड्यावरून रस्त्यापर्यंत पायपीट, तेथून एसटी किंवा जीप, दवाखान्यातील रांग, तपासणीचा खर्च, अहवालासाठी दुसरी फेरी आणि या साऱ्यात बुडालेली मजुरी. लावणी पाऊस पाहून होते. दोन दिवसांचा खाडा म्हणजे हातचा हंगाम जाणे. हा हिशेब करणाऱ्या माणसाने तीन गोळ्या निवडल्या तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांतील स्वस्त पर्याय त्याने निवडलेला असतो.

कागदावर व्यवस्था आहे. टोकावड्यात शासकीय ग्रामीण रुग्णालय आहे. आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर योजनेत उपकेंद्रावर १४ प्रकारच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावर ६३ प्रकारच्या चाचण्या अपेक्षित आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. म्हणजे पैशाचा अडसर बराच कमी झाला आहे. उरतो तो वेळेचा. नमुना घेण्याचा दिवस व अहवाल हाती येण्याचा दिवस यांत जेवढे अंतर, तेवढी औषधाच्या दुकानाकडे वळण्याची ओढ अधिक.

जी चाचणी सहज उपलब्ध आहे, ती अनेकदा भरवशाची नसते, ही आणखी एक अडचण. विषमज्वरासाठी ग्रामीण भागात आजही 'विडाल' चाचणीवर भिस्त असते. पूर्वी झालेला संसर्ग किंवा अन्य ताप असतानाही ही चाचणी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. खात्रीचे निदान रक्ताच्या कल्चर तपासणीने होते. त्यास काही दिवस लागतात, सुसज्ज प्रयोगशाळा लागते आणि रुग्णाने आधीच प्रतिजैविक घेतलेले असल्यास जिवाणू सापडण्याची शक्यताही घटते. चाचणीआधी घेतलेली गोळी अशा रीतीने चाचणीचे उत्तरही पुसून टाकते.

जे उद्या लागणार आहे

अ‍ॅझिथ्रोमायसिन हे वाईट औषध आहे, असा या साऱ्याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ते इतके उपयोगी आहे की वाया घालवणे परवडणारे नाही. एकेकाळी विषमज्वरावर सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी हमखास लागू पडत असे. भारतात या गोळीला विषमज्वराच्या जिवाणूंनी मोठ्या प्रमाणावर दाद देणे थांबविले आहे. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात विषमज्वराचा असा प्रकार पसरला की तोंडाने घ्यायच्या प्रतिजैविकांपैकी अ‍ॅझिथ्रोमायसिन हेच काय ते उपयोगी उरले. ते निकामी झाले तर विषमज्वराच्या प्रत्येक रुग्णाला शिरेतून औषध द्यावे लागेल. ज्या पाड्यापर्यंत पावसाळ्यात वाहन पोहोचत नाही, तेथील रुग्णाला घरी बरे करणारी गोळी आणि रुग्णालयातील खाट यांतील फरक किती मोठा, हे सांगण्याची गरज नाही.

चिगर माइट या सूक्ष्म किडीच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाबाबतही हेच दिसते. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भात या आजाराने अनेकांना गाठले होते. भारतातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर रुग्णांना डॉक्सिसायक्लिन व अ‍ॅझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे एकत्र दिल्यास एकट्या औषधापेक्षा अधिक गुण येतो, असे आढळले. गर्भवतींना डॉक्सिसायक्लिन देणे टाळले जाते. त्यांच्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन हाच आधार असतो.

विषमज्वराचा मूळ उपाय मात्र गोळीत नाही, हे याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये बालकांसाठी विषमज्वराच्या नव्या 'कॉन्ज्युगेट' लसीची मोहीम राबविली. सार्वजनिक कार्यक्रमातून ही लस देण्याचा तो जगातील पहिला प्रयोग मानला जातो. जिल्ह्याच्या एका टोकाला लस आणि दुसऱ्या टोकाला तीन गोळ्यांची पट्टी, हे अंतर किलोमीटरमध्ये मोजले तर फार नाही.

सुरक्षित वापर म्हणजे काय?

डॉक्टरांनी तपासून अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहून दिले असेल तर ते निश्चिंतपणे घ्यावे. मात्र काही पथ्ये पाळावीत.

मात्रा आणि दिवस आजारानुसार बदलतात. घशाच्या वा छातीच्या काही संसर्गांत तीन दिवस पुरतात. विषमज्वरात साधारणतः सात दिवस औषध द्यावे लागते. त्यामुळे एकाची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही. मुलांची मात्रा वजनावर ठरते. मोठ्यांची गोळी मोडून अर्धी देणे हा घातक अंदाज आहे. दीड महिन्यापेक्षा लहान अर्भकांत या औषधाने जठराचा मार्ग अरुंद होण्याचा दुर्मिळ पण गंभीर विकार आढळला आहे.

गोळी जेवणाआधी वा नंतर, कशीही घेता येते. आम्लपित्तासाठी घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त औषधांबरोबर मात्र ती घेऊ नये. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. मळमळ, पोटदुखी, पातळ शौच हे नेहमीचे त्रास आहेत आणि बहुधा आपोआप थांबतात. अंगावर पित्त उठणे, ओठ वा चेहरा सुजणे, श्वास लागणे, डोळे पिवळे होणे किंवा जुलाब तीव्र होऊन त्यात रक्त दिसणे, असे झाल्यास औषध थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जावे.

हृदयाच्या रुग्णांनी विशेष जपावे. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा दुर्मिळ धोका या औषधात असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१३ मध्ये दिला होता. ज्यांना अशा लयीचा विकार आहे, रक्तातील पोटॅशियम कमी आहे, किंवा जे हृदयाच्या लयीवर परिणाम करणारी अन्य औषधे घेतात, त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पूर्वी कोणत्या गोळीची अ‍ॅलर्जी झाली होती, हे कागदावर लिहून जवळ ठेवणे उत्तम.

'कोर्स पूर्ण करा' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील एका लेखात त्याला आव्हान देण्यात आले. अनेक संसर्गांत कमी दिवसांचे उपचारही पुरतात आणि विनाकारण लांबविलेल्या उपचाराने प्रतिरोध वाढतो, असे त्यात म्हटले होते. याचा अर्थ बरे वाटताच रुग्णाने आपल्या मनाने गोळ्या थांबवाव्यात, असा नाही. किती दिवस, हे ठरविण्याचे काम डॉक्टरांचे. आणि क्षयरोगासारख्या आजारात तर त्यात तडजोडच नाही. उरलेली गोळी 'पुढच्या तापासाठी' डब्यात ठेवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत चूकच.

भातशेतीत राबणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू उंदीर, गुरे आदींच्या मूत्रातून चिखलात येतो आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात त्याने घातलेले थैमान अनेकांना आठवत असेल. या आजाराच्या सौम्य अवस्थेत डॉक्सिसायक्लिन हे प्रमुख औषध आहे आणि जोखीम मोठी असते तेव्हा आरोग्य यंत्रणा प्रतिबंधासाठीही ते देते. हे औषध भरपूर पाण्यासह, बसून वा उभे राहून घ्यावे व लगेच आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेला जखम होऊ शकते. दूध, लोहाच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची औषधे त्याच्या वेळेपासून दूर ठेवावीत. पिंडऱ्या दुखणे, डोळे लाल होणे आणि ताप ही लक्षणे लावणीच्या काळात दिसल्यास 'मी चिखलात काम करतो' हे एक वाक्य डॉक्टरांना सांगणे अनेक चाचण्यांइतके मोलाचे असते.

कायद्याची धाव कोठवर?

प्रतिजैविके औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'एच' परिशिष्टात येतात. चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री बेकायदा आहे. २०१३ मध्ये अधिसूचित होऊन १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या 'एच-१' परिशिष्टाने काही प्रबळ प्रतिजैविकांसाठी दुकानदाराने रुग्ण व डॉक्टरांच्या नावासह स्वतंत्र नोंदवही ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे बंधनकारक केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये औषधाच्या पट्टीवरील लाल रेषेविषयी केंद्र सरकारने जनजागृती मोहीम सुरू केली. ती रेषा दिसली की चिठ्ठीशिवाय घेऊ नये, इतका साधा तो संदेश होता.

अलीकडे या विषयाला पुन्हा गती आली आहे. केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी १८ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रतिजैविक प्रतिरोधाविरुद्धचा २०२५ ते २०२९ या काळासाठीचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. पहिला आराखडा २०१७ मध्ये आला होता. २८ डिसेंबर २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी न्यूमोनिया व मूत्रमार्गाच्या संसर्गात प्रतिजैविके निष्प्रभ ठरत असल्याच्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अहवालाचा उल्लेख करून मनाने गोळ्या न घेण्याचे आवाहन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या दर सहा जिवाणूजन्य संसर्गांपैकी एक औषधाला दाद न देणारा होता. भारत ज्यात येतो त्या दक्षिण-पूर्व आशिया विभागात हे प्रमाण तीनास एक असे होते.

विक्रीवरील कडक नियंत्रणाने फरक पडतो, हे केरळने दाखविले आहे. २०१८ मध्ये स्वतःचा कृती आराखडा आखणाऱ्या या राज्याने २०२४ च्या प्रारंभी औषध दुकानांची अचानक तपासणी करणारी मोहीम हाती घेतली. प्रतिजैविकांच्या विक्रीत २० ते ३० टक्के घट झाल्याचा त्या राज्य सरकारचा दावा आहे. परंतु केरळमध्ये दवाखाना आणि डॉक्टर गावापासून फार लांब नाहीत, हे विसरून चालणार नाही. जेथे चिठ्ठी मिळविणेच अवघड, तेथे केवळ दुकानावर बंदी घातली तर दोनच गोष्टी संभवतात. एकतर गोळी बोगस डॉक्टरच्या पिशवीतून येईल, किंवा ज्याला तिची खरोखर गरज आहे त्यालाही ती मिळणार नाही. प्रतिजैविक वेळेवर न मिळाल्याने होणारे मृत्यूही या प्रश्नाचाच भाग आहेत.

चिठ्ठीआधीची चाचणी

म्हणूनच टोकावड्याचा प्रश्न दुकानाच्या दारात सुटणारा नाही. गोळी जेवढी जवळ आहे, तेवढेच निदान जवळ आणणे हा त्यावरील मार्ग आहे आणि तो वाटतो तेवढा खर्चिक नाही. हिवतापाची झटपट चाचणी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते आणि ती आशा स्वयंसेविकेलाही करता येते. खोकला असलेल्या मुलाला न्यूमोनिया आहे काय, हे ओळखण्याचा पहिला उपाय तर घड्याळ आहे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० वा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० वा त्याहून अधिक असल्यास ते मूल तातडीने दाखवावे, असा आरोग्य सेवकांना शिकविला जाणारा नियम आहे. अशा मुलाला अ‍ॅमॉक्सिसिलिन वेळेत मिळणे जीव वाचविणारे ठरते. श्वास संथ असेल आणि धोक्याचे अन्य लक्षण नसेल, तर नुसत्या सर्दी-खोकल्याला प्रतिजैविक लागत नाही.

बोटाच्या थेंबभर रक्तावर होणाऱ्या 'सीआरपी' चाचणीचा अनुभवही बोलका आहे. व्हिएतनाममधील प्राथमिक आरोग्य केंद्रांत श्वसनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांवर ही चाचणी करून पाहण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चाचणी झालेल्या गटात ६४ टक्के रुग्णांनी प्रतिजैविक घेतले. न झालेल्या गटात हे प्रमाण ७८ टक्के होते. घट लहान दिसते, परंतु उपदेशाने न साधलेले काम एका थेंबाने साधले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. 'तुम्हाला या गोळीची गरज नाही' असे सांगताना डॉक्टरांच्या हाती काहीतरी दाखविण्याजोगे असले, तर रुग्णही रिकाम्या हाताने परतल्याची भावना बाळगत नाही.

नव्या राष्ट्रीय आराखड्याचे मोजमाप परिषदांच्या संख्येवरून वा जप्त केलेल्या साठ्यावरून होऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये टोकावड्याच्या परिसरातील तापाच्या रुग्णाला पहिल्या चोवीस तासांत हिवताप व डेंग्यूच्या चाचणीचे उत्तर मिळते काय, हा त्यासाठी अधिक चांगला निकष आहे. लावणीच्या चार आठवड्यांत उपकेंद्राची वेळ संध्याकाळपर्यंत वाढविणे, आशा स्वयंसेविकांकडे झटपट चाचण्यांचा साठा संपू न देणे आणि तिसऱ्या दिवशी ताप असलेल्या प्रत्येक घरी पुन्हा एक फेरी मारणे, एवढ्या गोष्टी आहे त्या यंत्रणेतही शक्य आहेत.

शहरी वाचकाने हा दूरच्या डोंगराळ भागाचा प्रश्न समजू नये. टोकावड्याहून निघालेली एसटी कल्याणला येते. भाजी येते, बांधकामावर मजूर येतात, गंभीर रुग्ण उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात येतात. औषधाला दाद न देणारे जिवाणूही याच रस्त्याने आणि दोन्ही दिशांना प्रवास करतात. फरक एवढाच की शहरातील माणसाला निदानाची सोय हाताशी असूनही तो डब्यातील उरलेली गोळी घेतो, आणि टोकावड्याच्या माणसाला ती सोय मिळत नाही म्हणून तो गोळी घेतो. पहिल्याने सवय बदलायची आहे. दुसऱ्याला पुढच्या लावणीआधी चाचणी मिळायला हवी.